मॅथेमॅटिका-मॅटलॅब विकत, सेज-ऑक्टेव्ह फुकट: हा नक्की काय प्रकार आहे?

मॅथ्सच्या किंवा इंजिनिअरिंगच्या कुठल्याही ग्रुपवर थोड्या थोड्या दिवसांनी एक मेसेज येतोच, "मॅटलॅबचं क्रॅक आहे का कुणाकडे?" आणि त्याखाली लगेच दोन गट पडतात. एक म्हणतो अरे ऑक्टेव्ह टाक की, फुकट आहे. दुसरा म्हणतो फुकटातलं ते फुकटातलंच, सिरीयस काम करायचं असेल तर ओरिजिनल पाहिजे. दोघंही पैशावरनं भांडतात, आणि मला विचाराल तर या सगळ्या प्रकरणात पैसा हा सगळ्यात कमी इंटरेस्टिंग मुद्दा आहे. का ते सांगतो.

आधी हे सॉफ्टवेअर करतं काय ते बघू

ढोबळमानाने दोन प्रकार. एक आकडेमोडवालं, म्हणजे हजारो ओळींची मोठी मॅट्रिक्स (आकड्यांचा चौकोनी तक्ता) आहे, तिच्यातनं समीकरणं सोडवायची आहेत, सिग्नलचा आलेख काढायचा आहे, उत्तर दशांशात आलं तरी चालतंय. मॅटलॅब, ऑक्टेव्ह, पायथॉनमधलं नमपाय आणि ज्युलिया हे मुख्यतः या कामाचे. दुसरं चिन्हांवर काम करणारं, म्हणजे एक्स एक्सच राहतो आणि आपण वहीत करतो तसं इंटिग्रेशन, फॅक्टर पाडणं, सोपं रूप देणं हे मशीन करतं. मॅथेमॅटिका, मेपल, मॅक्सिमा, सिमपाय हे त्यातले. शिवाय शुद्ध गणितवाल्यांची आपली वेगळी दुनिया आहे, तिथे सिडनी विद्यापीठातलं मॅग्मा आहे, ग्रुप थिअरीसाठी गॅप आहे, नंबर थिअरीसाठी फ्रान्समधल्या बोर्दोचं पारी आहे. संख्याशास्त्रवाल्यांचं आर तर बहुतेकांना माहितीच आहे.

यातलं मॅथेमॅटिका, मेपल, मॅटलॅब, मॅग्मा हे प्रोप्रायटरी, बाकीची जी नावं घेतली ती सगळी ओपन सोर्स.

प्रोप्रायटरी म्हणजे तुम्ही विकत घेता ते काय

प्रोग्रामरने माणसाला वाचता येईल अशा भाषेत जे लिहिलेलं असतं तो सोर्स कोड. प्रोप्रायटरी सॉफ्टवेअरमध्ये तो कंपनीकडेच राहतो, तुमच्या हातात येतो तो मशीनला कळणारा तयार प्रोग्राम आणि तो वापरायची परवानगी. ती परवानगी म्हणजे लायसन्स, आणि तिला अटी असतात, किती मशीनवर, किती दिवस, शिकायला का धंद्याला, सगळं ठरलेलं. मॅटलॅबमध्ये तर मूळ प्रोग्राम वेगळा आणि टूलबॉक्स वेगळे, म्हणजे ऑप्टिमायझेशन पाहिजे तर त्याचं लायसन्स निराळं, चिन्हांचं गणित पाहिजे तर त्याचं निराळं. संस्थांमध्ये बऱ्याचदा फ्लोटिंग लायसन्स असतं, म्हणजे एक सर्व्हर मोजत बसतो की आत्ता एका वेळी किती जण वापरतायत, आणि कोटा भरला की पुढच्याला एरर. सबमिशनच्या आदल्या रात्री ही एरर ज्याला आलीय त्याला याची व्याख्या वेगळी सांगायची गरज नाही.

ओपन सोर्समध्येही लायसन्स असतंच, हे लोकांच्या लक्षात येत नाही. फक्त ते लायसन्स उलट्या दिशेने काम करतं, म्हणजे कोड वाचा, बदला, वाटा, विका सुद्धा. काहींची अट असते की तुम्ही बदल करून पुढे वाटलं तर त्याचाही कोड तसाच खुला ठेवायचा, हे जीपीएल लायसन्स. ऑक्टेव्ह, मॅक्सिमा, आर आणि सेज (मॅक्सिमा, गॅप, पारी अशी बरीच खुली सॉफ्टवेअरं एकत्र बांधलेलं सॉफ्टवेअर) हे जीपीएलवाले. नमपाय, सिमपाय, ज्युलिया यांची लायसन्सं मात्र एकदम मोकळी, नाव तेवढं ठेवा आणि काय पाहिजे ते करा.

आणि हो, फुकट आणि ओपन ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २०१३ पासून मॅथेमॅटिका रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरवर फुकट मिळत आलंय, २०१९ मध्ये मॅथेमॅटिका बनवणाऱ्या वुल्फ्राम कंपनीने आपलं इंजिनसुद्धा, म्हणजे आतला गणित करणारा भाग, डेव्हलपर लोकांना फुकट दिलं. पण आतलं काही दिसत नाही, ते बंद ते बंदच.

नुसतं उत्तर लिहिलं तर मार्क किती?

शाळेत गणिताच्या पेपरात नुसतं उत्तर लिहून आलं की काय व्हायचं आठवतं ना? उत्तर बरोबर असलं तरी मार्क कापले जायचे, कारण स्टेप्स कुठायत. मला वाटतं या सगळ्या वादाचं मूळ इथेच आहे. गणितात एखादी गोष्ट खरी का मानायची, तर तिची सिद्धता कुणालाही ओळ ओळ वाचून तपासता येते म्हणून, कुणी मोठ्या माणसाने सांगितलं म्हणून नाही. आता त्या सिद्धतेतली एक पायरी "हे मशीनने काढलं" अशी असेल आणि मशीनने ते कसं काढलं हे बघायची कायद्यानेच सोय नसेल, तर ती पायरी तुम्ही विश्वासावर घेतलेली आहे.

गॅप ज्यांनी १९८६ मध्ये जर्मनीत आखेनला सुरू केलं त्या योआखिम नॉयब्युझर यांनी १९९३ मध्येच हे बोलून दाखवलं होतं. त्यांचं म्हणणं साधारण असं, की ग्रुप थिअरीतलं सिलोचं प्रमेय लायब्ररीत जाऊन वाचा, सिद्धता तपासा आणि जन्मभर फुकट वापरा, पण तेच गणित करणारा प्रोग्राम घेतला तर वापराल तोवर पैसे भरत राहायचे आणि वर त्याची सिद्धता, म्हणजे कोड, बघायलाही मिळायचा नाही. गणितातले दोन मूलभूत नियमच इथे मोडतात असं त्यांना वाटायचं.

हे फक्त तात्त्विक आहे असं वाटत असेल तर एक खरा किस्सा. स्पेनमधले तीन गणिती, दुरान, पेरेझ आणि वारोना, एका संशोधनात मॅथेमॅटिका वापरत होते. आलेले आकडे त्यांच्या अंदाजाला खोटं पाडत होते, पण मेपलमध्ये तेच केलं की वेगळं काहीतरी यायचं. खोदत खोदत गेले तेव्हा कळलं की पूर्णांकांची एक मॅट्रिक्स, १४ बाय १४ ची, आतले आकडे प्रचंड मोठे, आणि तिचा डिटर्मिनंट (मॅट्रिक्सवरनं काढायची एक संख्या) मॅथेमॅटिका चुकीचा काढतंय. पुढची गंमत म्हणजे तीच मॅट्रिक्स दोनदा दिली तर दोन्ही वेळा वेगवेगळं उत्तर! डिटर्मिनंट म्हणजे पहिल्या वर्षाला शिकवतात ती गोष्ट, आणि पूर्णांकांची असल्यामुळे दशांश तोडण्याचा, म्हणजे राउंडिंगचा, पण प्रश्न नाही. त्यांनी ऑक्टोबर २०१३ मध्ये कंपनीला कळवलं, आणि नोव्हेंबर २०१४ मध्ये अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या नोटिसेस या मासिकात सगळी हकीकत लिहिली. बाहेरून ते एवढंच करू शकत होते, उत्तर चुकतंय हे दाखवणं. का चुकतंय, आणि आपण याआधी काढलेल्या कुठल्या कुठल्या उत्तरांवर त्याचा परिणाम झालाय, हे शोधायचा मार्ग त्यांच्याकडे नव्हता.

"पण उत्तर उलटं करून तपासता येतं की"

येतं, आणि हा आक्षेप खरंच चांगला आहे. इंटिग्रेशन आलं तर डिफरन्शिएट करून बघा, मोठ्या संख्येचे अवयव आले तर गुणून बघा, समीकरणाचं उत्तर आलं तर घालून बघा. अशा कामाला आतला कोड दिसला काय न दिसला काय, काही बिघडत नाही, खुशाल जे हाताशी असेल ते वापरा.

अडतं कुठे, तर उत्तर "नाही" असतं तिथे. या समीकरणाला यापेक्षा जास्त उत्तरं नाहीत, या प्रकारच्या वस्तू एवढ्याच आहेत आणि ही त्यांची पूर्ण यादी, लाखो केसेस बघितल्या पण एकही अपवाद सापडला नाही. आता यादीत जे आहे ते तपासता येईल हो, पण जे सुटलं ते कसं तपासणार? तिथे शोधणारा कोड हाच पुरावा असतो. १९७६ मध्ये चार रंगांचं प्रमेय कॉम्प्युटरने केसेस तपासून सिद्ध केलं तेव्हापासून गणितात यावर वाद चाललेत, आणि त्यावर आता जो उपाय निघालाय, म्हणजे सिद्धता स्वतः मशीनकडून ओळ ओळ तपासून घ्यायची, त्याची मुख्य हत्यारं, कॉक (आता नाव रॉक), इझाबेल, लीन वगैरे, सगळी ओपन सोर्स आहेत. तपासणाराच बंद पेटीत बसला तर तपासणीला अर्थ काय राहिला.

"म्हणजे ओपन सोर्समध्ये चुका नसतात?"

असतात, ढीगभर असतात. कोड सगळ्यांना दिसतो म्हणजे सगळे बघतात असं अजिबात नाही. हार्टब्लीड आठवत असेल, २०१४ मध्ये उघडकीला आलेली ओपनएसएसएलमधली चूक. गणिताशी तिचा संबंध नाही, पण अर्धं इंटरनेट ज्यावर चालायचं त्या खुल्या कोडमध्ये ती दोनेक वर्षं सगळ्यांच्या डोळ्यासमोर पडून होती. गणिती कोडचे वाचक तर त्याहून कमी.

फरक चूक सापडल्यानंतर दिसतो. सेजमधल्या माहीत असलेल्या चुकांची यादी सगळ्यांसमोर असते, कुणी कळवली, कुठल्या ओळीत होती, कुणी दुरुस्त केली, कुणी ती दुरुस्ती तपासली, सगळं वाचता येतं, तुम्ही पाच वर्षांपूर्वीच्या पेपरासाठी जी व्हर्जन वापरली होती तिच्यात ती होती का हेसुद्धा शोधता येतं. बंद सॉफ्टवेअरमध्ये नवीन व्हर्जनसोबत काय सुधारलं ते कंपनी सांगेल तेवढंच. आणि "पैसे दिलेत म्हणजे जबाबदारी त्यांची" असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा ती लायसन्सची बारीक अक्षरं वाचा, उत्तर चुकलं म्हणून झालेल्या नुकसानाची जबाबदारी दोन्हीकडचे सारख्याच जोराने झटकतात. पैशाने सपोर्ट मिळतो, म्हणजे फोन उचलणारा माणूस मिळतो. त्याची किंमत कमी नाही, पण ती उत्तराची गॅरंटी नव्हे.

तुमचं काम कुणाच्या हातात आहे

हा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि लायसन्स घेताना कुणीच विचारात घेत नाही. सॉफ्टवेअर आज आहे, उद्या असेलच असं नाही, आणि तुमचा दहा वर्षांचा कोड त्यावर लिहिलेला असतो.

मॅक्सिमाची गोष्ट बघा. एमआयटीमध्ये १९६८ ला मॅक्सिमाचं थोरलं भावंड सुरू झालं, नाव ऐकायला तसंच पण स्पेलिंग वेगळं (Macsyma), त्याला आपण मॅकसिमा म्हणू. चिन्हांवर गणित करणारं त्या काळातलं सगळ्यात ताकदवान सॉफ्टवेअर. १९८२ मध्ये त्याचे हक्क सिम्बॉलिक्स कंपनीकडे गेले, तिथून पुढे आणखी एका कंपनीकडे, आणि १९९९ पर्यंत तो धंदा संपला. पण मधल्या काळात अमेरिकेच्या ऊर्जा खात्याकडे एक जुनी प्रत होती, ती टेक्सास विद्यापीठातले विल्यम शेल्टर हे प्राध्यापक १९८२ पासून सांभाळत बसले होते, आणि १९९८ मध्ये त्यांनी ती जीपीएलखाली खुली करायची परवानगी मिळवली. २००१ मध्ये ते वारले. आज सेजमध्ये तुम्ही इंटिग्रेशनची कमांड देता तेव्हा आतमध्ये बहुतेक वेळा हेच मॅक्सिमा कामाला लागतं. एका माणसाने चिकाटी ठेवली म्हणून, नाहीतर १९६८ पासूनचं सगळं डोकं कपाटात गेलं असतं.

म्युपॅडचं थोडं वेगळं झालं. जर्मनीत पाडरबोर्न विद्यापीठात बनलेलं, मग कंपनी निघाली, त्यावर कॉम्बिनेटोरिक्सवाल्या (मोजणी आणि मांडणीचं गणित करणाऱ्या) काही गणितींनी २००० पासून मेहनतीने स्वतःची खुली लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा साठा, उभी केली होती. २००८ मध्ये मॅटलॅबवाल्या मॅथवर्क्सने ती कंपनी विकत घेतली आणि म्युपॅड वेगळं विकायचं बंद झालं, ते मॅटलॅबच्या टूलबॉक्समध्ये गेलं. लायब्ररीवाल्यांनी त्याच वर्षी बिऱ्हाड सेजमध्ये हलवलं, म्हणजे सगळा कोड दुसऱ्या भाषेत परत लिहायला घेतला. त्यांची लायब्ररी ओपन होती हो, पण जिच्यावर उभी होती ती जमीन दुसऱ्याची होती.

आणि मग राजकारण. २०२० मध्ये अमेरिकन सरकारने चीनमधल्या हार्बिनच्या दोन विद्यापीठांना, हार्बिन इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी आणि हार्बिन इंजिनिअरिंग युनिव्हर्सिटी, निर्बंधांच्या यादीत टाकलं आणि तिथलं मॅटलॅब बंद झालं. पैसे भरायची तयारी होती, लायसन्स होतं, तरी बंद. तिथल्या विद्यार्थ्याने काय चूक केली होती? काहीच नाही. कंपनीलाही दोष देता येत नाही, तिला तिच्या देशाचा कायदा पाळावाच लागतो. पण ज्या वस्तूला दुरून कुलूप लावता येतं ती तुमची नसते, एवढं यातनं सगळ्यांना कळलं.

कोण कुणाच्या जिवावर

आता विकतवाले वाईट आणि फुकटवाले साधुसंत असं वाटायला लागलं असेल तर थांबा, प्रकरण बरंच गुंतलेलं आहे.

मॅटलॅब क्लीव्ह मोलर यांनी १९७० च्या दशकाच्या शेवटी न्यू मेक्सिको विद्यापीठात लिहिलं, ते विद्यार्थ्यांना फोरट्रान ही प्रोग्रामिंगची भाषा न शिकता लिनपॅक आणि आयस्पॅक वापरता याव्यात म्हणून. या दोन्ही लायब्रऱ्या अमेरिकेत सरकारी पैशातून बनलेल्या, सगळ्यांसाठी खुल्या. मॅथवर्क्स कंपनी निघाली १९८४ मध्ये. आजही मॅटलॅब मॅट्रिक्सचं काम लॅपॅक या खुल्या लायब्ररीच्या आधारावर करतं. मॅथेमॅटिका आणि मेपल मोठ्या पूर्णांकांसाठी जीएमपी वापरतात, तीही खुली. एफएफटीडब्ल्यू नावाची फूरिए ट्रान्सफॉर्मची (सिग्नल लहरींमध्ये फोडायचं गणित) लायब्ररी तर मस्त उदाहरण आहे, ती सगळ्यांना जीपीएलखाली फुकट, पण ज्या कंपनीला आपला कोड उघडायचा नाही तिला एमआयटी वेगळं लायसन्स पैसे घेऊन देते. एकच कोड, दोन लायसन्सं, दोघंही खूश.

उलट बाजूनेही तेवढंच घेतलं गेलंय. आज सगळे ज्युपिटर नोटबुक वापरतात, म्हणजे कोड, उत्तर, आलेख आणि मजकूर एकाच पानावर, पण ती नोटबुकची कल्पना लोकांपर्यंत आणली १९८८ मध्ये मॅथेमॅटिकाच्या पहिल्या व्हर्जनने. ऑक्टेव्हची सगळी भाषाच मॅटलॅबवरून घेतलेली आहे. जाता जाता, ऑक्टेव्हचा संगीताशी काही संबंध नाही, जॉन ईटन यांनी आपल्या केमिकल इंजिनिअरिंगच्या प्राध्यापकांचं, ऑक्टेव्ह लेव्हेनस्पील यांचं, नाव त्याला दिलंय. आणि आर ही बेल लॅब्जच्या एस या भाषेची दुसरी आवृत्तीच म्हणा, १९९० च्या दशकात ऑकलंडला दोघा प्राध्यापकांनी लिहिलेली.

"मग ओपनवाले खातात काय?"

इथे खरी गोची आहे, आणि ओपन सोर्सचे भक्त यावर फार बोलत नाहीत. प्राध्यापकाला पेपर लिहिल्याचं क्रेडिट मिळतं, इतरांनी वापरलेला डिटर्मिनंटचा कोड दुरुस्त केल्याचं मिळत नाही. विल्यम स्टाईन हे नंबर थिअरीवाले, आधी मॅग्मासाठी कोड लिहायचे, मग २००५ मध्ये त्यांनी सेज सुरू केलं, मॅग्मा, मेपल, मॅथेमॅटिका आणि मॅटलॅब या चौघांना खुला पर्याय द्यायचा हे जाहीर ध्येय ठेवून. शेवटी विद्यापीठात राहून हे होत नाही म्हणून नोकरी सोडून ते स्वतःच्या कंपनीकडे वळले. युरोपियन युनियनने २०१५ ते २०१९ या काळात ओपनड्रीमकिट या प्रोजेक्टला साधारण ७६ लाख युरो दिले, त्यातनं सेज, गॅप, पारी, ज्युपिटर यांची बरीच कामं झाली, पण प्रोजेक्ट संपला की पैसे संपतात आणि कोडची देखभाल काही संपत नाही. कंपनीकडे दरवर्षी लायसन्सचे पैसे येतात, त्यातनं ती माणसं पगारावर ठेवते, कंटाळवाणं कामही करून घेते, डॉक्युमेंटेशन व्यवस्थित लिहिते. मॅथेमॅटिकाचं डॉक्युमेंटेशन एकदा बघा, ओपनमध्ये तेवढं नीटनेटकं क्वचितच सापडेल.

म्हणून काही ठिकाणी विकतचंच चांगलं आहे हे मान्य करायला काही हरकत नाही. कंट्रोल सिस्टिमवाल्यांना मॅटलॅबसोबतच्या सिम्युलिंकची (चौकटी जोडून यंत्रणेचं मॉडेल बनवायचं सॉफ्टवेअर) सवय आहे, त्याला सायलॅब या खुल्या सॉफ्टवेअरचं एक्सकॉस हा पर्याय आहे पण बरोबरीचा म्हणवत नाही. अवघड इंटिग्रेशनला मॅथेमॅटिका, नंबर थिअरीच्या काही गणनांना मॅग्मा, इथे वेग आणि आवाका खरंच जास्त. सिमपाय पूर्ण पायथॉनमध्ये असल्यामुळे वाचायला सोपं पण चालायला हळू. माझं मत विचाराल तर चाचपडायला, अंदाज घ्यायला जे हाताशी असेल ते वापरावं, पण जे छापणार आहात, शिकवणार आहात किंवा दहा वर्षांनी परत उघडणार आहात ते ओपनमध्ये. आणि क्रॅक तर कशातच नको, चोरीचा भाग सोडा, आत कुणी काय बदललंय हे कंपनीलाही माहीत नाही अशा मशीनचं उत्तर घेऊन करणार काय?

"जीपीएल वापरलं तर माझा कोडही फुकट द्यावा लागेल का?"

नाही, ही भीती उगाच पसरलीय. ऑक्टेव्हमध्ये काढलेलं उत्तर, आलेख, तुमचा डेटा, तुमचा पेपर, सगळं तुमचं. घरात किंवा ऑफिसात मूळ कोड बदलून वापरला तरी कुणाला काही द्यायचं नाही. अट लागू होते ती तुम्ही जीपीएल कोड आपल्या प्रोग्राममध्ये मिसळून तो प्रोग्राम बाहेर वाटता किंवा विकता तेव्हा. तसं करायचं असेल तर नमपाय, सिमपाय, ज्युलियावर काम करा, तिथे ही अटच नाही.

"माझ्या जुन्या फाईल्सचं काय?"

मॅटलॅबच्या डॉट एम फाईल्स साध्या टेक्स्ट असतात, टूलबॉक्स वापरला नसेल तर बऱ्याचशा ऑक्टेव्हमध्ये थोड्याफार दुरुस्तीने चालतात, टूलबॉक्स वापरला असेल तर ऑक्टेव्हची पॅकेजेस शोधा आणि नशीब आजमावा. डॉट मॅट डेटा फाईल पायथॉनमधलं सायपाय वाचतं, फक्त व्हर्जन ७.३ ची असेल तर ती आतून एचडीएफ५ असते, तिला एच५पाय लागेल. मॅथेमॅटिकाच्या कमांड ओळखणारं मॅथिक्स नावाचं एक ओपन सॉफ्टवेअर आहे, आतमध्ये सिमपाय वापरतं, छोट्या कामाला ठीक, मोठ्या नोटबुकची अपेक्षा ठेवू नका. आणि लायसन्स संपायला महिना उरला असेल तर आजच सगळा डेटा सीएसव्हीमध्ये एक्स्पोर्ट करून ठेवा, कारण संपल्यावर एक्स्पोर्टचं बटण दाबायलाही तो प्रोग्राम उघडावा लागतो.